गडापासून फाटकापर्यंत, बूड न टेकता

आयुष्यातल्या सगळ्यांत लांबच्या प्रवासाला मी निघालो तेव्हा माझ्या हातात तिकीट नव्हतं, बॅग नव्हती, मुसळ होतं. आमच्याच स्वयंपाकघरातलं, खाली वसवी (लोखंडी कडं) बसवलेलं, चांगलं वजनदार. श्रावणातली सकाळ. नाशिकचा दिंडोरी रोड अजून जागा व्हायचा होता. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात बाह्यांचा बनियन, आणि बनियनच्या पुढे, माझ्याही दोन पावलं आधी पोचणारं माझं पोट.

समोरून दूधवाला सायकलवर आला. मला बघून त्याने ब्रेक लावले.

"काय सोनवणे साहेब, सकाळी सकाळी कुणावर चाललात?"

"कुणावर नाही बाबा. ज्योतीचा सराव आहे."

त्याने मुसळाकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं. "देवी बघून घेईल," एवढंच म्हणून तो पॅडल मारत निघून गेला. मला दिलासा दिला की देवीला कामाला लावलं, ते मला आजही कळलेलं नाही.

आता हे मुसळ कुठून आलं ते सांगायला थोडं मागे जायला हवं. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही नुकतेच दिंडोरी रोडवरच्या नव्या कॉलनीत राहायला आलो होतो. कॉलनी इतकी नवी, की झाडं पोरांपेक्षा बुटकी होती आणि पोरं सायकलपेक्षा. नवरात्र बसवायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला ज्योतीचा. आमच्याकडची रीत ठाऊक असेलच: नवरात्रात गावोगावची मंडळं एखाद्या देवीच्या गडावर जातात, तिथल्या दिव्यावर मशाल पेटवतात आणि ती पळत आपल्या गावी आणतात. मागे टेम्पो असतो. एक दमला की दुसरा मशाल घेतो. नियम मोजकेच, पण कडक. ज्योत धरणाऱ्याने उभं राहायचं नाही. वाटेत बायाबापड्या कुंकू लावायला आल्या, तर त्याने जागच्या जागी पाय हलवत राहायचं. आपल्या दारी पोचला, सुवासिनीने त्याच्या पायांवर पाणी घातलं, की मगच थांबायचं. त्याआधी नाही.

इतर मंडळांत हे काम विशीतली पोरं करतात. आमच्या कॉलनीतलं सगळ्यांत मोठं पोर सातवीत होतं. म्हणजे पळायचं ते बापांनी. हेडक्लार्क, बँकेतले, विमावाले, चष्मेवाले, रक्तदाबवाले. इतर मंडळं रात्री पळतात. आम्ही दिवसा पळायचं ठरवलं, कारण आमच्यातल्या निम्म्यांना रात्री खड्डे दिसत नसत. आणि पहिल्या माळेऐवजी नवरात्रातला रविवार धरला, कारण रजा शिल्लक नव्हत्या.

कुठल्या देवीची ज्योत आणायची, यावर देवरे आप्पांच्या ओट्यावर मोठी सभा भरली. देवरे आप्पा सटाण्याकडचे, पोटापाण्यासाठी टेम्पो चालवायचे आणि रोज कुणाचा ना कुणाचा कांदा विंचूरच्या बाजारात पोचवायचे. एकाने चांदवडची रेणुका सुचवली. "आग्रा रोड सरळ आहे." सरळ आहे खरा, पण त्यावरचे ट्रकही सरळच येतात, असं दुसरा म्हणाला. आप्पांनी येवल्याजवळच्या कोटमगावची देवी लावून धरली. रस्ता सपाट, घाट नाही, चढ नाही. पुष्कळशा माना हलल्या. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "आप्पा, वाटेत विंचूर लागतं ना?"

"लागस ना भाऊ," आप्पा म्हणाले. (लागतं की.) "जाता जाता माल टाकी देऊत!"

सभा हसली आणि कोटमगाव बाद झालं. मग मी उठलो आणि वणीच्या गडाची, सप्तशृंगीची बाजू मांडली. आपली देवी, आपला जिल्हा, आणि रस्ता थेट कॉलनीच्या फाटकाशी येतो. घाटाचा उल्लेख मी टाळला. गड ते नाशिक साठ-पासष्ट किलोमीटर भरतं, हेही जरा हळू आवाजात सांगितलं. वणीचा गड मंजूर झाला. वर मी छाती काढून जाहीर केलं, "तुम्ही आळीपाळीने पळा. मी मात्र टेम्पोत बसणार नाही. गडापासून इथपर्यंत, सबंध."

 आप्पांच्या घरातून चहा घेऊन येणारी माझी बायको, सुमन, तेवढी दारातच थबकली. खरं कारण तिला एकटीला ठाऊक होतं.

खरं कारण वणी-दिंडोरी रस्त्यावर, जांभूळवाडीच्या फाट्यावर राहत होतं. माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. धोतर, टोपी, हातात काठी. ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. मामांनी आमचं नवं घर पाहिलं नव्हतं. एसटीत त्यांना मळमळायचं, हे सांगायचं कारण. मनातलं कारण असं, की ज्या गावाला माणूस चालत जाऊ शकत नाही ते गावच त्यांना खोटं वाटायचं. उमेदीत ते नाशकाला बैलांच्या बाजाराला पायी यायचे, पायी परतायचे. आता गुडघे साथ देत नव्हते, आणि दुसऱ्या कशाने यायचं म्हणजे हार. सुमन दर सणाला बोलवायची. घरात एक खुर्ची होती, खिडकीजवळची, वेताची. तिच्यावर ती मुलांना बसू द्यायची नाही. "ती आबांची आहे." आबा काही येत नव्हते. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे बसायचे.

त्या वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही जांभूळवाडीला गेलो असताना मी पुन्हा आमंत्रण दिलं. मामा सुपारी कातरत होते.

"तुमचं नाशिक माझ्याकडं पायानं येऊ द्या, मंग मी येतो," ते म्हणाले.

"आणि आलो पायाने तर?"

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. पोटापाशी जरा थांबले. "दर साली पोरं गडावरून ज्योत घेऊन या दारापुढून जात्यात. तुम्ही बी आना. गडापासून तुमच्या दारापत्तुर. बूड न टेकता! तसं आलात तर हा गडी तुमच्या घरी आला म्हणून समजा."

ओसरीवरची मंडळी खो खो हसली. मीही हसलो. सुमन हसली नाही. परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर बघत, ती हळूच म्हणाली, "अहो, जमेल का हो?"

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. तिने मला मिक्सर मागितला नव्हता, महाबळेश्वर मागितलं नव्हतं. आणि पहिल्यांदा मागितलं ते हे.

तर असं ते मुसळ. मशालीच्या वजनाचं दुसरं काही घरात नव्हतं.

आम्हाला शिकवायला मिळाले गायकवाड सर. कॉलनीच्या मागच्या ओळीत राहायचे, शाळेत पी.टी. शिकवायचे, आणि पळणं म्हणजे काय ते कॉलनीत त्यांना एकट्यालाच माहीत होतं. ते बौद्ध, देवीच्या ज्योतीशी त्यांचा संबंध नव्हता. आम्ही जरा चाचरतच विचारलं.

"देवी तुमची," सर म्हणाले. "पाय माझ्या ताब्यात द्या. पण मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

पहिल्या दिवशी आम्ही म्हसरूळच्या वेशीपर्यंत पळालो. म्हणजे पळत निघालो आणि पोचलो. मधलं काही नीट आठवत नाही. विमावाल्याला सायकलच्या कॅरिअरवर घालून परत आणलं. सर सायकलवरून आमच्या बाजूने येत आणि ओरडत, "सोनवणे, मुसळ छातीशी! बाळ आहे का ते? मांडीवर काय घेताय!" कुत्र्यांना मुसळ मुळीच पसंत नव्हतं. म्हसरूळची कुत्री मला गावच्या हद्दीपर्यंत पोचवायला यायची, आणि खरं सांगतो, माझा सगळ्यांत वेगवान पळ त्या हद्दीतलाच.

घरात वेगळीच धांदल. सुमनने भात बंद केला, कारण जांभूळवाडीहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर नागलीचं (नाचणीचं) बोचकं आलं होतं आणि बरोबर तोंडी निरोप: "भात खाऊन पळता येत नाय म्हणावं." पैज लावणाऱ्यानेच रसद पाठवलेली पाहून मी चकित झालो. सुमनने भाकऱ्या थापायला घेतल्या. चटणी मात्र पाट्यावर वाटावी लागायची, कारण मुसळ माझ्याबरोबर हिंडत होतं.

भाद्रपदात सरांनी नवीनच काढलं. "चढ माणसाला दमवतो, उतार माणसाला मोडतो. तुमची सुरुवातच गड उतरण्याने आहे. चला, घाट दाखवतो." आणि एका रविवारी पहाटेच्या पॅसेंजरने आम्हाला इगतपुरीला नेलं.

इगतपुरीचं धुकं पाहिलं नसेल तर सांगतो, ते आकाशातून येत नाही, ते तिथेच राहतं. स्टेशनवर उतरलो तर आपलाच हात शोधावा लागत होता. वरून झिमझिम, खालून चिखल, भाताच्या खाचरांत पाणी भरलेलं, आणि त्यातून सात मध्यमवयीन बाप ओळीने कसाऱ्याच्या दिशेने घाट उतरत होते. सर म्हणाले होते, पाऊल छोटं टाका. मी टाकलं. पोटाने मोठं टाकलं. वळणावर मी थांबायचा प्रयत्न केला, पोट थांबलं नाही, आणि आम्ही दोघेही कठड्याशी जाऊन भेटलो.

तिथे रेल्वेचे गँगमन घोंगड्या घेऊन बिड्या ओढत बसले होते. त्यांतला एक म्हातारा कळवळून म्हणाला, "ओ साहेब, गाडी चुकली का? मागून दुसरी हाय ना. जिवापेक्षा जास्त हाय का?"

"नाही काका, आम्ही मुद्दाम पळतोय."

त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. "मुद्दाम म्हनतो," तो म्हणाला, आणि सगळेच आमच्याकडे अशा काळजीने बघायला लागले की मला घाट संपेपर्यंत पळावंच लागलं. परत वर येताना वाटेतल्या टपरीवर गरम वडे खाल्ले. तसे वडे मी पुन्हा कुठे खाल्ले नाहीत. बहुधा वडे साधेच असतील, भूक इगतपुरीची होती.

त्या दिवसानंतर काहीतरी बदललं. दूधवाला मला पाहून थांबेनासा झाला; नुसता हात करायचा. कुत्री कंटाळली. रामशेज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत येणं ही रविवारची सवय झाली, आणि पँटला नवीन भोक पाडून मी पट्टा आत ओढला. ऑफिसात साहेब फायलीतून मान वर करून म्हणाले, "सोनवणे, बरं नाही का?" मला पदोन्नती मिळाल्यासारखं वाटलं.

आणि नवरात्रातला तो शनिवार आला. दुपारी सरांना आणि त्यांच्या सायकलीला घेऊन आप्पांच्या टेम्पोतून गडावर निघालो. टेम्पो धुऊन, झेंडूच्या माळा लावून सजवलेला होता, तरी वणीपर्यंत सगळ्यांच्या नाकात कांदाच. पुढे वळण आलं आणि समोर गड उभा. इतक्या वेळा पाहिलेला. पण उद्या हाच पायांनी उतरायचा आहे हे माहीत असताना तो जरा पुढे सरकून बसल्यासारखा वाटला. वर यात्रेची गर्दी, नारळ, बांगड्या, पेढे, लाऊडस्पीकर. उपवासाची भगर खाऊन धर्मशाळेत पथाऱ्या टाकल्या. झोप कुणाला! मोठ्या सहलीच्या आदल्या दिवशी पोरं जागी असतात ना, तसे आम्ही सात बाप डोळे टक्क उघडे ठेवून पडलो होतो. विमावाला मधूनच कुजबुजला, "सोनवणे, समजा आपण उद्या खरंच पोचलो तर?"

उजाडताना मशाल पेटवली. पहिला मान माझा. तेलात भिजवलेली चिंधी भडकली, मंडळींनी देवीचा गजर केला आणि मी निघालो.

आता आमची घोडचूक. दोन महिने आम्ही मुसळ घेऊन पळालो होतो; पेटलेलं काही घेऊन एकदाही नाही. मुसळाला ज्वाळा नसते. मुसळाला वारा लागत नाही. पहिल्याच वळणावर दरीतून वारा उसळला, आणि मी सरांच्या शिकवणीप्रमाणे छातीशी धरलेली ज्योत सरळ माझ्या तोंडावर आली. चर्र असा आवाज झाला. डुकराचे केस जळाल्यासारखा वास आला.

"हात लांब! हात लांब धरा!" सर सायकलवरून ओरडले.

हात लांब धरला. डावी मिशी गेली ती गेलीच. उजवी शाबूत होती, आणि तिच्यामुळेच तर जास्त वाईट दिसत होतं. पण घाटात सकाळचं ऊन उतरत होतं, खाली नांदुरीची घरं, हिरवीगार खाचरं, मागे आप्पांच्या टेम्पोतून गजर. आणि इगतपुरीचा तो उतार गुडघ्यांना आठवत होता. छोटं पाऊल, छोटं पाऊल. गड उतरलो तेव्हा मी हसत होतो, अर्ध्या मिशीने.

नांदुरीपासून ज्योत हातोहात फिरायला लागली. ज्याची पाळी संपे तो टेम्पोत चढून पाय पसरी. मी मात्र बाजूने पळत होतो, मधे मधे चालत होतो, उभ्याने पाणी पीत होतो. बूड टेकत नव्हतो. वणीत लोकांनी रस्त्यात पाणी शिंपडून ठेवलं होतं. एका म्हातारीने माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि वर बघून दचकली. मिशी. टेम्पो शेजारी आणून आप्पा खिडकीतून गोडीगुलाबीने म्हणत, "बठ ना भाऊ गाडीमा. आठे कोन देखस?" (बस ना गाडीत. इथे कोण बघतंय?)

खरंच कुणी बघत नव्हतं. पण खिडकीजवळची वेताची खुर्ची बघत होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा जांभूळवाडीचा फाटा दिसला. बेत आधीच ठरला होता: सासुरवाडीपुढून ज्योत मीच नेणार. मशाल घेतली, छाती काढली, पोट आत घेतलं. मामांच्या दारासमोर सबंध गाव जमलं होतं. रस्त्याकडेच्या लिंबाखाली शेणाने सारवलेलं, रांगोळ्या काढलेल्या, आठ-दहा पाट ओळीने मांडलेले, आणि मधला पाट मोठा. जावयाचा. पुढ्यात पितळी ताट, त्यात भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. मामी पदर सावरत उभ्या.

आम्ही सगळ्याचा विचार केला होता. चढाचा, उताराचा, पाण्याचा, तेलाचा. जावई सासऱ्याच्या दारावरून न जेवता जाऊ शकत नाही, हा विचार सात संसारी माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. बाकीचे सहा जण टेम्पोतून उड्या मारून पाटांवर बसलेसुद्धा. सरांनी सायकल लिंबाला टेकवली. "मला वाढा, मला काही नियम नाही," म्हणाले.

मी पाटासमोर जागच्या जागी पळत होतो.

मामांनी आधी मिशीकडे पाहिलं. "आर्धी कुठं ठिवली?"

"देवीला वाहिली, मामा."

गाव हसलं. मामा हसले नाहीत. "बसा," ते म्हणाले.

"कसा बसू? बसलो तर पैज हरलो."

"अन् उपाशी गेलात तर माझी अब्रू गेली. जावई दारातून कोरडा गेला म्हनत्यात लोक, सात पिढ्या म्हनत्यात."

दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो. मी खालीवर हलत, ते स्तब्ध. ताटातली आमटी निवत होती. मामी म्हणाल्या, "घ्या, आता भांडा दोघं उन्हात!" मी मशाल कुणाला द्यावी म्हणून मागे पाहिलं, तर सहाच्या सहा माना ताटात. आप्पांनी तर वाटी पुढे केली होती.

 पाय आपोआप पुढच्या दिशेला वळले. दोन-चार पावलं गेलो असेन, तोच मागून भांड्याचा आवाज झाला.

"अहो!" मामी ओरडल्या. "ताट कुठं नेता?"

वळून पाहिलं, तर काठी टाकून, धोतराचा सोगा खोचून, एका तळहातावर पितळी ताट तोललेले मामा माझ्या मागे पळत येत होते. आमटी हिंदकळून त्यांच्या सदऱ्यावर सांडत होती. "हळू! आवो, हळू पळा की! आ करा!"

माझ्या उजव्या हातात ज्योत. डाव्या हाताने देवीच्या दिवसांत कसं खायचं? मी आ केला. मामांनी भगरीचा घास कालवून माझ्या तोंडात घातला. आयुष्यात मला कुणी पळत पळत भरवलेलं नाही, लहानपणीही नाही. गाव टाळ्या पिटत होतं, पोरं मागे धावत होती, आणि मामा दर घासाला एकेक बोलत होते. "चावा. गिळू नका तसंच. हां. वारं समोरून हाय, जळतं आंगाबाहेर धरा. पोरगी बरी हाय ना?"

"वाट बघते तुमची," मी तोंडात घास असताना म्हणालो.

 पुढचा घास मोठा आला.

गावाची शीव आली. "मामा, फिरा आता. गुडघे."

"त्या चिंचंपत्तुर येतो."

चिंच आली. "त्या मोरीपत्तुर."

ओढ्यावरची मोरी आली. मामा आता लंगडत होते, पण थांबत नव्हते. ताट रिकामं झालं होतं तरी ते तसंच तोलून धरलेलं. मागून टेम्पो आला, ढेकर देणारी माझी माणसं घेऊन. कुणीतरी ओशाळून माझ्या हातातली मशाल घेतली. सरांनी सायकलवरून उतरून मामांचं कोपर धरलं. "बाबा, चढा वर. उघडी गाडी आहे, मळमळणार नाही."

"मी गाडीत बसत नाय."

"बसू नका. उभे राहा. जावई बसतो का ते बघायला कुणीतरी हवंच ना?"

मामांनी या मुद्द्यावर विचार केला. मग ताट काखेत मारून ते टेम्पोत चढले आणि हौद्याची दांडी धरून उभे राहिले. "ह्यो जिथं बसंल," त्यांनी जाहीर केलं, "तिथं मी उतरून माघारी फिरंन."

दिंडोरीपर्यंत ठीक होतं. दिंडोरीच्या पुढे माझे पाय माझे राहिले नाहीत. पोटऱ्यांत गोळे आले. ढकांब्याच्या चढावर मैलाचा दगड दिसला. इतकं देखणं आसन मी राजवाड्यातही पाहिलं नसतं. मी त्याच्याजवळ गेलो. हात टेकला. वाकलो.

"बसताय का?" वरून आवाज आला.

मी मान वर केली. मला वाटलं, मामांच्या तोंडावर पैज जिंकल्याचा आनंद असेल. तसं काही नव्हतं. दांडी घट्ट पकडलेली, घामाने टोपी भिजलेली, आणि डोळ्यांत भीती: परत फिरावं लागेल याची, आणि ती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. तेव्हा माझ्या लक्षात आलं की टेम्पोतली बाकी सगळी मंडळी पसरली होती, आणि हा सत्तरीचा माणूस जांभूळवाडीपासून एकदाही बसला नव्हता.

"नाही मामा," मी म्हणालो. "बुटाची नाडी."

"मंग बांधा अन् चला की बिगीबिगी! अंधार पडतोय, लेक दारात उभी आसंल!"

रामशेज मावळतीला लाल झाला होता. म्हसरूळ आलं. माझी ती जुनी कुत्री धावत आली, मला ओळखलं, आणि शेवटची मदत म्हणून मागे लागली. कॉलनीच्या अलीकडे मशाल पुन्हा माझ्या हातात आली. फाटकाशी रोषणाई, ढोल, सगळ्या बायका काठापदराच्या साड्यांत, आणि सगळ्यांच्या पुढे सुमन, हातात पाण्याचा तांब्या. मी तिच्यासमोर येऊन जागच्या जागी पळायला लागलो. गडापासून फाटकापर्यंत, बूड न टेकता. माझ्या आयुष्यातला तो क्षण. मी वाट बघत होतो, आता पाणी पडेल.

सुमन माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे, टेम्पोतून काळजीपूर्वक उतरणाऱ्या एका माणसाकडे बघत होती. अनवाणी, सदऱ्यावर आमटी, काखेत पितळी ताट.

"आबा?" ती म्हणाली.

"आलो बाई," मामा म्हणाले. "उभ्यानं आलो."

ती मला ओलांडून गेली. ढोल थांबले. सबंध कॉलनीसमोर तिने तांब्यातलं पाणी बापाच्या धुळीने भरलेल्या पायांवर ओतलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग पदराने ते पाय पुसले आणि त्यांचा हात धरून त्यांना घराकडे घेऊन गेली.

"अगं," मी मागून म्हणालो. "पाणी?"

कुणाचं लक्ष नव्हतं. आप्पा तेवढे स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते. नियम म्हणजे नियम. खिडकीतून दिसत होतं: वेताच्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे कुणीतरी उचलले, मामांनी आधी खुर्ची हाताने दाबून पाहिली, आणि मग जांभूळवाडीपासून पहिल्यांदा ते बसले.

त्यानंतर मी काही ठिकाणं पाहिली, दोन-तीन समुद्र, एक ताजमहाल. पण प्रवास म्हटला की मला आठवतं ते आमचंच फाटक. हातात मशाल, अर्धी मिशी, आणि दुसरा तांब्या भरून येईपर्यंत तिथेच, जागच्या जागी, आनंदाने पळणारा मी.